पायाखालची पट्टी

सुरतच्या गाडीतून आलं, सीटखाली, गव्हाच्या गोणीत गुंडाळून.
वापरलेलं. काच एका कोपऱ्यात तडकलेली.
धनराजनं त्याचा पाण्यातला कान
सायकलच्या ट्यूबनं बांबूला आवळला,
मोटरसायकलची बॅटरी माझ्या पायांशी ठेवली,
आणि सारंगखेड्याच्या पुलावरचे दिवे विझायच्या आत
आम्ही तिघं तापीत.

हे डावीउजवीकडे ओरडतं, मी सासऱ्यांना सांगितलं,
आणि परत आलेला आवाज रंगवतं.
हिलालबाबा म्हणाले, मग वटवाघूळच की.

पडद्याला रंग बाजरीच्या भाकरीच्या पाठीचा.
आत्ताची रेघ वर उमटते, मघाची खाली सरकते,
अर्ध्या तासापूर्वीची नदी
काठावरून पडून जाते.
मासा म्हणजे तांदळाची कणी.
कणीशेजारी तिची सावली.
चिकटलेली असली तर मासा तळाशी बसलाय,
सुटी असली तर वर तरंगतोय.
आठवडाभरात मी कणी बघायचं सोडलं,
मधलं अंतर बघू लागले.

सावकाश घे, मी धनराजला म्हणते. सरळ.
वळलास की आतल्या बाजूचा तळ फासला जातो,
शाळेतल्या ओल्या शाईसारखा.

जुन्या उताराच्या खाली, गोमाईच्या अंगाला,
पडद्यावर रेघा आल्या.
शेजारी शेजारी. लांब.
बाबांनी ओलं बोट काचेवर ठेवलं.
"ह्या सऱ्या शेतस. मन्या."

बंधारा व्हायच्या आधी इथं वाळू होती,
आणि वाळूवर त्यांची डांगरवाडी.
मी लग्न होऊन आले तेव्हा दारं बसलेली, पाणी तुंबलेलं.
वाडी मी फक्त ऐकली आहे.
रात्री राखणीला जायचे, फळावर टिचकी मारायचे,
आवाजावरून आतला लाल ओळखायचे.
बोट काचेवर चालत राहिलं.
सात मोजल्या. आठवी बहिणीची म्हणाले, वाकडी आहे बघ.

धनराज माझ्याकडे बघेना.
दर पावसाळ्यात दारं उघडतात, पूर जातो.
इतक्या वर्षांत कुठली सरी राहील?
मला तोवर सावल्या वाचता येत होत्या.
उंचवट्याची सावली पलीकडे पडते.
खड्ड्याची अलीकडे, आतल्या आत.
या रेघांची आत होती.
पुढे गोल गोल विवरं, तीसेक,
एकात एक घुसलेली.
रात्री चालणारा पंप मी काठावरून ऐकला आहे.
दोन हंगाम धनराजचा पाइप त्यात होता.
यंत्राचे निम्मे पैसे तिथलेच.

मी म्हणाले, हो बाबा, सऱ्याच.

मग त्यांनी विचारलं, मधोमध ही काळी पट्टी काय?
ती आपल्या नावेखालची, मी म्हणाले.
दोन्ही बाजूंचं लांबवर कळतं याला,
बरोब्बर खालचं कळत नाही.
"पायखालनं दिखत नही?"
हसले. खोकला येईपर्यंत हसले.
मग फळीखालून स्वतःचा दगड काढला,
भोकाचा, गाठी मारलेल्या दोरीचा.
बुडाला कपड्यांचा साबण चोळला, नेहमीसारखा,
आणि काळ्या पट्टीत सोडला.

गाठी बोटांतून गेल्या. नऊ. दहा.
इतक्या लागायला नको होत्या.
अकरा. साडेअकरा.

वर आला तेव्हा साबणाला काळा गाळ.
एक कण चमकत नव्हता.
बाबांनी तो अंगठ्यानं पसरला, वास घेतला,
"रेती लई गयात," म्हणाले,
कुणालाच नाही, दगडाला.

यंत्र ओरडत होतं, आवाज न करता.
एका विवरात कण्या दाटल्या होत्या, वीस, पंचवीस,
सावल्यांसकट.
धनराजनं वल्हं धरून ठेवलेलं.
बाबाच म्हणाले, टाक जाळं.

अकरा किलो चिलापी, दोन वाम.
सोसायटीच्या काट्यावर दहा भरले, तो काटाच तसा आहे.
बॅटरी त्याआधीच बसली होती.

यंत्र मी मांडीवर घेतलं, लुगड्याच्या तुकड्यात.
बाबा नावेच्या कडेवरून दगड धूत होते.
थोडा साबण उरला होता.
तेवढ्यात धनराजला म्हणाले, हात पुढे कर.