इतिवृत्त, कलम सहा

या खोऱ्यात अँटेनाला काही लागत नाही.
दोन्हीकडे डोंगर, मध्ये कोळशाची राख, राखेत आम्ही.
म्हणून माझ्या बापाच्या काळात कुणी वर खांब रोवला
आणि तार खाली आणली, घरोघर,
पाण्याची पाइप आणावी तशी.
तारेला रस्ता लागतो. रस्ता गावाचा.
करार एवढ्याच वाक्यावर उभा आहे,
बाकी चाळीस पानं वकिलांची.

मी नगर परिषदेची कारकून. मी फक्त लिहिते.

कंपनीतर्फे श्री. प्रेंटिस लाइल, फिलाडेल्फियाहून.
बाहेर गुडघाभर बर्फ, त्यांचे बूट कोरडे.
म्हणणं असं, की गावाला दिलेल्या तेरा नंबरच्या चॅनलवर
शाळेतल्या जेवणाचा तक्ता असतो, अंत्यविधीच्या वेळा,
आणि शुक्रवारी एक गृहस्थ अकॉर्डियन चुकीचा वाजवतात.
तेरा नंबर खरेदीच्या वाहिनीला द्यावा,
गावाने अठ्ठ्याण्णववर जावं.
"बघतं कोण?" त्यांनी विचारलं.
नम्रपणे विचारलं, तेही लिहिते.

आकडा कुणाकडेच नव्हता.
त्यावर काय बोलावं, हे सांगायचा आम्हाला अधिकार नाही.
कोण ऐकतं, हे विचारायचा होता.

तेव्हा स्टासिया गुडाइटिस उठली,
अकरा वर्षं तेरावर मेलेल्यांची नावं वाचणारी.
पाळी नव्हती तिची.
एमेटच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली,
"घरी बघत असाल, तर दारावरचा दिवा
बंद करून लावा. दोनदा."

आम्ही खिडकीशी गेलो. अध्यक्षसुद्धा.
नियमात बसत नाही ते.

बराच वेळ नुसता बर्फ.
मग चर्चमागे एक. खाणीच्या उतारावर दोन,
एकमेकांना विचारून लावल्यासारखे.
सात मोजले.
खजिनदार म्हणाले सहा,
डॉर्सींचा बल्ब थँक्सगिव्हिंगपासून सैल आहे.

तीन विरुद्ध दोन. पाच टक्के शुल्क कायम.
चॅनल अठ्ठ्याण्णव.
स्टासिया कोटाची बाही शोधत म्हणाली,
तिथवर म्हाताऱ्यांचा अंगठा पोचेल का?
उत्तराची नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी मी टाइप केलं:
दिवे सात, पैकी एक वादग्रस्त.
आमच्याच वकिलाने ओळ काढायला लावली.
काढली.

पण त्या रात्री कुलूप लावून मी निघाले, सव्वाअकराला,
तेव्हा पार वर, पाण्याच्या टाकीपाशी,
एक दिवा विझला, लागला,
विझला.
मी रस्त्यात उभी राहिले, हातमोजे काढून,
मोजायला बोटं लागणार असल्यासारखी.
लागला नाही.
झोपलं असेल कुणीतरी.