वीस मीटर

नियम असा, की दिवसाउजेडी
वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे.
भाऊ रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे राहत
आणि समोरची गल्ली घडाघडा म्हणून दाखवत,
एकेक अक्षर, एकेक आकडा:
मिसेस हेस्लपची निळी गाडी,
शाळामास्तरांची लाल,
कोपऱ्यावरच्या प्लंबरची पांढरी व्हॅन.
टोस्टला लोणी लावता लावता मी म्हणायचे, पास.

सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी एक फॉर्म येतो.
त्यात आपलं आपणच लिहायचं असतं
की मला दिसतं.
भाऊंनी तो चार वेळा भरला, काळ्या शाईनं, सुवाच्य.
खोटं नव्हतं त्यात.
डार्लिंग्टनच्या बसवर एकतीस वर्षं,
बर्फात, धुक्यात, शनिवार रात्रीच्या दारुड्यांसकट,
आणि गाडीला एक ओरखडा नाही.
असा माणूस मला दिसतं म्हणतो
तेव्हा तो आठवणीतून बोलत असतो.

फेब्रुवारीत, चारच्या सुमाराला,
ऊन खाली उतरून थेट काचेवर आलेलं,
को-ऑपजवळच्या राउंडअबाउटवर
डेक्लन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा
सायकलवरून उजवीकडून आला. आधी जायचा हक्क त्याचा.
भाऊ म्हणतात, तो नव्हताच.
मग होता.

खांद्याजवळचं हाड, दोन दात.
भाऊ रस्त्यावर गुडघे टेकून,
स्वतःचा कोट त्याच्या अंगावर घालून म्हणत राहिले
माझं चुकलं, बाळा, माझं चुकलं,
आधी मराठीत,
आणि लक्षात आल्यावर इंग्रजीत.

विमा कंपनीची बाई फोनवर फार सौम्य होती.
तिथे ते नेमकं काय बोलले? तिनं विचारलं.
मराठीतलं राहू दे, ते कुणाला कळलं नसेल.
इंग्रजीतलं मात्र.
चूक कुणाची ते कंपनी ठरवेल.
पत्र पाठवू नका. भेटायला जाऊ नका.
भाऊंचं पत्र ड्रॉवरमध्ये आहे,
स्क्रूड्रायव्हर आणि संपलेल्या बॅटऱ्यांखाली,
पोस्टाचं तिकीट लावलेलं.

फॉर्मवर प्रश्न होता: गाडी कोण चालवत होतं?
एक ओळ. एका नावापुरती.
कुणाला माहीत होतं, असा रकाना नव्हता.
असता तर लिहिलं असतं
की नोव्हेंबरात भाऊंच्या बंपरवर
मिसेस हेस्लपचा निळा रंग होता
आणि मी तो अंधारात जाऊन थिनरनं पुसला.
की प्लंबर ऑक्टोबरातच घर सोडून गेला,
त्याच्या जागी कुणाची तरी काळी गाडी उभी असायची,
आणि भाऊ रोज
पांढऱ्या व्हॅनचाच नंबर म्हणायचे,
न चुकता,
आणि मी लोणी लावत म्हणायचे, पास.
कारण मंगळवार-गुरुवार निहारला पोहायला कोण नेणार?
मागच्या सीटवर, पट्टा लावून,
माझा सात वर्षांचा मुलगा.

कानाडोळा केला, असं आपण सहज म्हणून जातो.
त्या शब्दात डोळा आहे
हे मला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कळलं,
मोतीबिंदू दोन्हीकडे, असं डॉक्टर भाऊंना सांगत होता तेव्हा.
माझ्यासमोर कुणी तक्ता धरला नाही.

लायसन्स भाऊंनी स्वतःच परत पाठवलं.
डेक्लन पुन्हा सायकल चालवतो, मी लांबून पाहिलंय,
एका खांद्यानं जरा वाकडा.
पैसे पोचले असतील.

आता आम्ही बसनं जातो.
भाऊ पुढच्या सीटवर, म्हाताऱ्यांचा फुकट पास वरच्या खिशात.
ड्रायव्हर एक तरुण मुलगी आहे, च्युइंगगम चघळणारी.
भाऊ तिला उतरताना थँक्यू म्हणतात, रोज.
को-ऑप जवळ आलं की त्यांचा उजवा पाय
बुटासकट जमिनीवर दाबला जातो,
घट्ट,
तिच्या ब्रेकच्या थोडा आधी.