अकरावी पायरी

बूट दाराबाहेर काढून आत जातो.
कंत्राटदाराच्या माणसांना वाटतं, रीत म्हणून.
खरं तर तळव्यांना कामाला लावायचं असतं.

रिफातला नवा बंगला, ओकची जमीन.
अजून इथे साधा चहाही उकळलेला नाही कुणी.
नुसता पॉलिशचा वास, आणि एसीची घरघर.

मी खिडकीशी पालथा पडतो,
गाल फळीला लावतो, बॅटरी आडवी मारतो.
उभ्या उजेडात सगळीच लाकडं सोज्वळ दिसतात.
आडव्या उजेडात बोलू लागतात :
घासकागदाचे भोवरे, कोपऱ्यात थबकलेलं मशीन,
आणि एका जागी, पॉलिशखाली,
कुणाच्या तरी कपाळावरून पडलेला एक थेंब, कायमचा.

"हे लिहू नका," इंजिनिअर मेदहत म्हणतात.
मी ते लिहीत नाही.
त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे.

पेरांनी ठोकत ठोकत सरकतो,
आमच्याकडे फणस बघतात तसा.
भरीव. भरीव. भरीव. मग बद्द.
वीतभर जागेत खाली गोंद पोचलेला नाही.
निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून पुढे.
शंभर फिल्सचं नाणं सांध्यात घालून बघतो,
शिरत नाही. छान.

"फळ्या खोलीत किती दिवस ठेवल्या होत्या?"
"चौदा," इंजिनिअर म्हणतात.
त्यांच्या पाठीमागे शफीकुल मिस्त्री, बरिसालचा,
खिशाजवळच चार बोटं उघडतो
आणि मिटतो.

आबा सागाची फळी पावसाळाभर माळ्यावर ठेवत.
म्हणत, आधी तिला घराची हवा कळू दे,
मग रंधा मार.
त्यांना कधी कुणी गुरुवारपर्यंतची मुदत दिली नव्हती.

आता जिना. चौदा पायऱ्या.
टेप लावायच्या आधी मी डोळे मिटून चढतो.
पायाला तिसऱ्या पायरीपर्यंत उंची पाठ होते,
पुढे तो विचार करत नाही,
आपण करतो, दुसऱ्याच कशाचा तरी.
अकराव्या पायरीला अंगठा ठेचला.

एकशे सत्तर, एकशे सत्तर, एकशे सत्तर,
अकरावी एकशे अठ्ठ्याहत्तर.
बारावी तेवढीच तोकडी.

"आठ मिलिमीटर! कुणाला कळणार?"

घरच्यांना नाही कळणार, मेदहतसाहेब.
त्यांना आठवड्यात सवय होईल.
पण धुण्याची टोपली छातीशी धरून चढेल जी बाई,
जिला स्वतःची पावलं दिसत नाहीत,
तिच्या पायाला कळेल.

शफीकुल काही बोलत नाही.
जिन्याखालच्या कपाटाचं दार उघडून
नुसता बाजूला उभा राहतो.
आत वाकतो मी. काँक्रीटच्या पोटावर,
नेमक्या अकरावीच्या खाली,
सुताराची पेन्सिल : एक बाण, आठचा आकडा, तारीख,
आणि बंगालीत एक ओळ, जी मला वाचता येत नाही.
तारीख लाकूड बसवायच्या आधीची.

म्हणजे मी तपासायला येण्यापूर्वी
तपासणी होऊन गेली होती.
ज्याची सही कुठेच लागत नाही त्याने केलेली.

अहवालात लिहितो : पायरी अकरा, दोष काँक्रीटचा.
फळ्या उतरवून, काँक्रीट खरवडून, पुन्हा बसवणे.
सुताराचा खाडा धरू नये,
असा रकाना फॉर्मात नाही.
समासात लिहितो.

निघताना स्कर्टिंगची एक पट्टी अलगद सोडवून बघतो.
ऑगस्टमध्ये घरची माणसं परदेशी जातील,
एसी बंद होईल, समुद्राची वाफ आत शिरेल,
लाकूड फुगेल. फुगणारच. त्याला जागा हवी.
भिंतीलगत दहा मिलिमीटर,
चारी बाजूंनी सारखी, केरकचरासुद्धा झाडलेली.
इथे कुणीच वाकून बघत नाही.

पट्टी लावली. बूट घातले.
फुटपाथ चढताना पाय उचलला,
तो जरा जास्तच उचलला गेला :
आठ मिलिमीटर असेल.