काना ना मात्रा

गुदैबियात, तिसऱ्या मजल्यावर, शनिवारी आम्ही चौघं.
मनामात दहा पुरुष जमणं कठीण.
हनोखमामा तोराच्या पानाची झेरॉक्स पसरतात :
काना नाही, मात्रा नाही, नुसती उघडी अक्षरं.
"करडू शिजवू नये त्याच्या आईच्या..."
आणि बोट अडतं.
हालाव वाचलं तर दूध,
हेलेव वाचलं तर चरबी.

"मग दूध ठरवलं कुणी?"
"आधी वाचणाऱ्यांनी. तोंडातोंडी."
"म्हणजे आपली चूल," शेगुल्ला म्हणते,
"कुणाच्यातरी जिभेवर पेटते."

मामा हसत नाहीत, रागावतही नाहीत.

कालपासून झाकलेला रस्सा अजून कोमट,
कोंबडी, नारळाचं दूध, अलिबागची रीत.
धाकटा एलीझर झाकण उचलून विचारतो,
"हेही आईचंच का?"

बोट अजून त्याच ओळीवर.