संत्र्याची साल

बॅस्ट्रॉपच्या पुढे, कोलोरॅडो नदीच्या वाळूत
व्हर्लन कुबिचेकची अकरा पीचची झाडं.
एका रात्रीत तीन बोडकी.
सकाळी फोन: "बाई, तुमच्या मुंग्या घेऊन जा."
माझ्या कशा? मी नुसती मोजते त्यांना, पगारावर.

त्याने विष कालवलं होतं संत्र्याच्या सालीत.
पहिल्या दिवशी रांगच्या रांग
केशरी तुकडे उचलून बिळात उतरली,
वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या निघायच्या, तशी.
दुसऱ्या दिवशीही, जरा रेंगाळत.
तिसऱ्या दिवशी सालीला वळसा घालून
थेट चौथ्या झाडाकडे.

"मेलेली तर एकही दिसत नाही. मग सांगितलं कोणी?"
कानोकान म्हणावं, तर यांना कानच नाहीत.

मी उकिडवी बसून सांगते, माझ्या साताऱ्याच्या इंग्रजीत:
पानं त्या खात नाहीत हो. खाली, दोन पुरुष खोल,
राखाडी बुरशी आहे, स्पंजासारखी, जागची न हलणारी.
तिला भरवतात.
ती जे अंगाला लावून घेईल, तेच यांचं जेवण.
राणी माहेर सोडते तेव्हा
तोंडात तिचीच चिमूट धरून उडते.
विष तिला लागलं. ती कोमेजली,
आणि कोमेजताना तिच्यातून काहीतरी सुटलं.
वास म्हणा. नाव अजून आम्हाला सापडलेलं नाही.
भरवणारीला तेवढं पुरलं.
आता तीन महिने संत्र्याला शिवायच्या नाहीत.

व्हर्लन टोपी काढतो, परत घालतो.
म्हणतो, लोरीनची वाचा गेली तेव्हा
चौदा महिने मी चमच्याने भरवलं.
दवाखान्यातून एक पाटी दिली होती, खुणांची.
पाटी कशाला? खोलीत पाऊल टाकलं की
कळायचं मला: आज रताळं नको, आज ताप येणार.
कसं, ते विचारू नका.
नाकानेच बहुधा.

मी वहीत लिहिते:
तापमान एकतीस, वारा आग्नेयेकडून,
साल नाकारली.

तो उरलेली साल बादलीत भरतो.
फाटकापाशी थांबतो.
"तीन महिन्यांनी विसरतात, म्हणालात?"
विसरत नाहीत. म्हाताऱ्या मरतात.
नव्या येतात, त्यांना ते दुखणं ठाऊक नसतं.

यावर तो काही बोलत नाही.
बोटं तेवढी हुंगतो, संत्र्याची.