मोजता येणारी नामे

बर्डीवर, झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर आमचा क्लास.
मार्च सरत आलेला. कूलरला आजच नवा खस लावलाय,
आवाज त्याचा, त्यावर माझा:
मोजता येतं ते नाम एकटं असलं
तर उघडं ठेवायचं नाही.
आधी अ, ॲन, नाहीतर द.

दुसऱ्या बाकावर वनमाला टेंभुर्णे.
पहाटेपासून कळमन्यात संत्री मोजून आलेली,
एका हाताला पाच, दोनशे हात झाले की हजार.
नखांत सालीचं तेल.
'सर, एकच हाय हे त दिसूनच रायलं नं.
मंग सांगाचं कायले?'

मी बी.एड. आहे. मी पुस्तक उलटतो.
ॲन ऑरेंज, म्हणा सगळे. ॲन अवर,
एच लिहायचा, बोलायचा नाही.
अ युनिफॉर्म, यू असूनही.
डिलिव्हरीची बॅग पायांत धरून निकेश जांभई देतो.

पहिल्यांदा दिसला तर अ मॅन.
तोच पुन्हा आला तर द मॅन.
'म्हन्जे वळख झाली.'
हो. ओळख झाली.
'अन् वळख होऊन निघून गेला त? परत अ?'
कूलर तेवढा बोलतो.
नाही, ताई. एकदा द झाला की द.
ती वहीत लिहून घेते, खाली दोन रेघा मारते.

मग फळ्यावरची तीन अक्षरं मोठ्यानं वाचते,
टी, एच, ई:
'थे.'
निकेश फिस्कन हसतो. ती त्याच्याकडे वळते.
'हासून रायला कायले? हजार संत्र्याइले काही लागत नाही.
एक नासकं हाताले लागलं, बाजूले टाकलं,
अन् मालक इचारते, कोनतं?
थे. थेच हे.'

खडू हातात तसाच.
उमरेडच्या शाळेत, चौथीत, माझं थे
गुरुजींनी छडीनं ते करून घेतलं होतं.
आई शेवटपर्यंत थे म्हणायची.
मी तिलाही सुधारायचो.

द, मी म्हणतो, जीभ दातांना लावून.
सव्वीस जिभा दातांना लागतात.

रात्री वह्या. वनमालाबाईंचं एकच वाक्य:
आय ॲम द वुमन.
लाल पेननं द भोवती गोल काढतो,
समासात लिहितो, कोणती?
मग तेही खोडतो.