भाडं

कंट्रोल मोठ्या गावात, आमचा टोला नाल्यापलीकडे,
मधे साडेतीन किलोमीटर मुरूम
आणि एक रपटा, ज्याचा कठडा कोणीतरी विकून खाल्ला.

धान्य आता फुकट आहे.
माणशी पाच किलो, पावतीसकट.
फुकट नाही तो रस्ता.

म्हणून मी आणि माझी लुना.
कॅरेज रुंद करून घेतलं साकोलीला,
पायाशी एक थैली, मागे दोन,
एका फेरीत तीन घरं.

भाडं वीस रुपये. ठरवलं मीच.
पहिल्या महिन्यात पाच जणींनी दिलं,
दुसऱ्यात दोघींनी.
तिसऱ्यात फुलवंता बुडी म्हणाली,
"नगदी काहून मांगून राह्यली वं,
याच्यातलाच घे ना एक किलो."

घेतला.
खरं सांगते, घेताना हात अडखळला नाही.
अडखळला घरी, सुपात ओतताना:
पाचातला एक म्हणजे
तिचे सहा दिवस.

मग काटा खुंटीला टांगला.
म्हटलं, ओंजळ द्या. आपापल्या हाताची.

आता ओंजळींचं काय सांगू.
डोमाजी कोचेची फावड्याएवढी,
तीही शीग लावून भरतो, म्हणतो, पेट्रोल वाढलं.
सुलोचना वरचा ढीग बोटाने सपाट करते.
करू दे. तिच्याकडे खाणारे सात,
कार्डावर नावं चार.
रायवंताची बोटं बिड्या वळून वळून वाकडी,
पूर्ण मिटतच नाहीत,
फटींतून निम्मे दाणे परत तिच्याच परातीत पडतात
आणि आम्ही दोघी दुसरीकडे बघतो.

पण तांदूळ पोचवता येतो,
अंगठा नाही पोचवता येत.
तो स्वतः जावा लागतो, मालकिणीसकट.
तर आधी मी अंगठे नेते.
लुगड्याचा काठ चाकात जाऊ नये म्हणून
गुडघ्याखाली दाबलेला,
आणि माझ्या खांद्यावर
एक हात, घट्ट.

तुमसरे मशीन पुढे सरकवतो.
बुडीचा अंगठा: नाही.
पदराला पुसून: नाही.
खोबरेल लावून, मग शेजारचं बोट, मग डावा हात:
नाही, नाही, नाही.
साठ वर्षं रोवणी केलेल्या बोटांवर
रेषा राहतील कशा?
बांधी-बांधीत थोड्या थोड्या राहून गेल्या.

"ओटीपी मागवतो," तुमसरे म्हणाला.
तो गेला हैदराबादला, नातवाच्या फोनवर.
नातू अकराव्या मजल्यावर फरशी बसवत होता,
फोन खाली, डब्याच्या पिशवीत.

आम्ही पायरीवर बसलो. एक चहा, दोन बशा.
बुडी अंगठा उन्हात धरून बघत होती,
उसनी आणलेली वस्तू परत करण्याआधी
उलटसुलट करून बघावी तशी.
"हा माया नाही म्हन्ते का वं ते मशीन?"
"तुयाच आहे."
"मंग सांग ना त्याले."

साडेतीनला नातू सापडला.
सहा आकडे. चौथा पाच होता की सात,
मधे कटरचा आवाज.
पुन्हा मागवला. पुन्हा सांगितला.
कागद कुरकुरत बाहेर आला आणि तुमसरेनेही
नकळत श्वास सोडला.

त्या दिवशी अंगठा आणि तांदूळ
एकाच फेरीत परत आले.
दारात बुडीने ओंजळ भरली.
मी म्हटलं, राहू दे आज, दिवस गेला तुझा.
"फुकट बसाले मी का तुयी सासू हावो?"
आणि ओतली माझ्या ओच्यात,
वर आणखी एक मूठ,
चहाची.

रात्री तांदूळ निवडायला घेतला.
सगळा एकाच गोदामाचा, एकाच पोत्यांचा,
कोणाचा कोणता, देवालाही सांगता येऊ नये.
खडे निघाले दोन.
मग नखाएवढी
तेंदूपानाची कातरण.
रायवंता.

फेकली नाही. का, ते विचारू नका.
चुलीवर गंजात आधण
कधीचं उकळत होतं.